दोन हाळ्यांमधलं थांबणं

अजून वीस-एक पावसाळे जातील, तेव्हाची ही गोष्ट.

पाखरधोंडच्या नव्या वसाहतीत ज्या ज्या घरात जुनं दुखणं होतं, त्या त्या घराच्या चौकटीवर एक कान बसवलेला होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. बेसनाच्या लाडवाएवढी काळपट डबी, तिच्या तोंडाला बारीक जाळी आणि जाळीमागे हिरवा दिवा. लोक त्याला कान म्हणू लागले, तर तेच नाव पडलं. सासूची चहाडी करायची झाली की सुना आधी चौकटीकडे बघायच्या आणि मग मागच्या दारी जायच्या.

वसाहत सड्यावर होती. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथे बेचाळीस घरं, एकाला एक चिकटून, प्रत्येकावर रंगाने घातलेला नंबर. यातली माणसं मुळात गवळी धनगर. वर डोंगरात त्यांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असायची. सात वर्षांपूर्वी श्रावणात, दूध काढायच्या वेळेला, डोंगराची एक बाजू सुटून खाली आली. एकतीस माणसं गेली. त्यांतली अकरा सापडलीच नाहीत. उरलेल्यांना सरकारने सड्यावर आणून बसवलं. इथून समोर बघितलं की डोंगरावरचा तो तांबडा पट्टा अजून दिसायचा. मधल्या वर्षांत त्याच्यावर थोडी हिरवळ धरली होती, पण पुरती नाही.

रेश्मा म्हसकर ही तिथली सिस्टर. दरड कोसळली त्या आठवड्यात मदतीच्या शिबिरात ज्या दहा नर्स आल्या, त्यांतली ती एक. नऊ जणी परत गेल्या, ही राहिली. जखमा बांधायचं काम महिनाभरात संपलं. मग वर आलं ते दुसरंच. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाची छाती. ज्या बाईने जन्मात गोळी खाल्ली नव्हती, तिला आता सकाळी चार आणि रात्री तीन. ही दुखणी बरी होणारी नव्हती, सांभाळायची होती. त्यासाठी रेश्मा रोज दहा-बारा घरं फिरायची. पाय दाबून बघायची, सूज आहे का. डब्यातल्या गोळ्या मोजायची. चहा घ्यायची, नको असला तरी.

सतरा नंबरात ठकुबाई आखाडे राहायची. वय अडुसष्ट. तिचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पंप जुना झाला, पाणी पुढे ढकलत नाही, ते मागे साठतं. ठकुबाई म्हणाली होती, "मग वॉशर बदला की."

आता कानाची गोष्ट. हृदय थकलं की अंगातलं पाणी आधी फुप्फुसात झिरपतं. तेच थोडं गळ्यातल्या स्वरतंतूंच्या आसपासही साठतं. आवाज ज्या दोन पडद्यांतून निघतो ते ओले नि जड होतात, म्हणून आवाज बदलतो. हा बदल इतका बारीक असतो की घरच्या माणसालाही कळत नाही. पण यंत्राला कळतो, आणि तोही पाय सुजायच्या, धाप लागायच्या आठ-दहा दिवस आधी. शोध एवढाच. माणसाने रोज यंत्रासमोर काही बोलायचं. यंत्र कालच्या आवाजाशी आजचा लावून बघतं. पाणी वाढत असेल तर सिस्टरच्या मोबाईलवर त्या घरापुढे लाल टिकली येते. सिस्टर जाते, पाणी उतरवायची गोळी वाढवते, आणि माणूस दवाखान्यात जायचा वाचतो.

हे सगळं शहरात छान चाललं. पाखरधोंडला अडलं. कंपनीचा मिहिर नावाचा इंजिनिअर आला होता. त्याने सांगितलं, रोज संध्याकाळी कानासमोर एक ते वीस आकडे म्हणा. कुणी म्हणेना. बायका पदर तोंडावर घ्यायच्या, गडी पुटपुटायचे.

"त्या डबीला माझे आकडे कशाला ऐकायचेत?" ठकुबाई म्हणाली. "मला बाराच्या पुढं धड येत न्हाईत. ते तिला कळून काय व्हायचंय?"

तेव्हा रेश्मानेच सुचवलं, "हाळी चालेल का?"

मिहिरला हाळी माहीत नव्हती. रेश्माने त्याला ती समजावून सांगितली. वर डोंगरात गडी म्हशी घेऊन दरीपलीकडच्या उतारावर जायचे. संध्याकाळी दूध काढायला, जेवायला परत बोलवायचं तर बाई अंगणाच्या कडेला येऊन हाक घालायची. पण नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. म्हणून हाळीत नाव नसतं, नुसता सूर असतो. प्रत्येक घराचा सूर वेगळा. कुणाचा शेवटी वर चढतो, कुणाचा मधे मोडतो. सून आली की पहिल्या वर्षात सासू तिला घराची हाळी शिकवते. पलीकडच्या गड्याला सुरावरून कळतं, आपल्या घरची हाळी आहे, आणि तो तिकडून ओ देतो. हाळी तीनदा घालायची. संध्याकाळी घराची हाळी चुकवायची नाही.

"पोटातून, एका दमात काढलेला लांब आवाज," मिहिर म्हणाला. "सिस्टर, याहून चांगलं काही मिळणारच नाही."

आणि खरंच, कानाला हाळी मानवली. पहिल्याच महिन्यात चार नंबरच्या बाबू ढेबेच्या सुनेची लाल टिकली आली, तेव्हा ती बाई विहिरीवर कपडे धूत होती आणि मला काही झालं नाही म्हणून भांडत होती. तिच्या फुप्फुसात पाणी निघालं. लोकांचा कानावर भरवसा बसला. रेश्माचाही बसला.

ठकुबाई हाळी घालायचीच. कान यायच्या आधीपासून, सात वर्षं, एक दिवस न चुकता. तिचा नवरा त्या अकरांतला होता. दरड आली त्या संध्याकाळी तिने पहिली हाळी घातली होती. तो ओ देईल म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यातच समोरचा डोंगर खाली बसला. दुसरी हाळी घालायची राहिली. तिने बांगड्या उतरवल्या नाहीत. सरकारचा कागद आला, की सात वर्षं झाली, आता मयत धरू. तिने तो पत्र्याच्या पेटीत तळाला घातला.

तिची धाकटी जाऊ सोनाबाई शेजारी अठरा नंबरात राहायची. तिचा नवरा दुसऱ्याच दिवशी सापडला होता. त्याला अग्नी दिला आणि सोनाबाईने हाळी बंद केली. "ओ देणारा गेला, आता कुणाला बोलवू, पाखरांना?" असं ती म्हणायची. धडधाकट बाई, ताकाचा डेरा एकटी उचलणारी. तिच्या दारावर कान नव्हता.

कानामुळे काम हलकं झालं, आणि वरच्या साहेबांनी ते हलकं राहू दिलं नाही. रेश्माकडे आणखी दोन वसाहती दिल्या, एक पूरग्रस्तांची आणि एक धरणाखालची. नियम झाला, की टिकली हिरवी असेल तर घरी जायचं नाही. लाल असेल तिथेच जायचं. यात चूक काही नव्हती. जिथे आग तिथे पाणी न्यायचं. पण सतरा नंबर पाच आठवडे हिरवा राहिला, आणि पाच आठवडे रेश्मा तिथे बसली नाही.

तालुक्याच्या गावी तिची एक खोली होती. संध्याकाळी भाकरी टाकताना ती मोबाईल कट्ट्यावर ठेवायची आणि कानांनी पाठवलेल्या हाळ्या ऐकायची. ऐकायलाच हवं असं नव्हतं, टिकली पुरे होती. पण तिला ऐकल्याशिवाय जेवण जायचं नाही. एकोणीस घरांच्या एकोणीस हाळ्या, एकामागून एक. सतरा नंबरची ती शेवटी लावायची. तो सूर खालून सुरू होऊन वर जायचा आणि वर गेल्यावर किंचित कलायचा, डोक्यावरची घागर कलते तसा. ऐकताना तिला ठकुबाईच्या ओट्यावरचा शेणाचा वास आठवायचा, आणि तिचा तो काळा, अति गोड चहा. आपलं तिथे बसणं कुणीतरी काढून घेतलंय असं वाटायचं. मग ती भांडी घासायची.

तिची मुलगी ओवी नागपूरला शिकायला होती, दुसऱ्या वर्षाला. रेश्माचा नवरा ओवी लहान असतानाच गेला, त्यामुळे या दोघीच एकमेकींना. रोज फोन व्हायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "हो." "बरं, ठेवते गं, एक लाल आलंय." एका मिनिटाच्या आत आटपायचं. रेश्माला वाटायचं, आवाज ऐकला, बरी आहे. ओवीच्याही नावापुढे ती एक हिरवी टिकली लावून मोकळी व्हायची.

सहाव्या आठवड्यात एकतीस नंबरला लाल आलं. रेश्मा गेली, गोळी वाढवली, वजन केलं आणि निघाली. संध्याकाळ झाली होती. एसटीला वेळ होता म्हणून ती पाण्याच्या टाकीखाली उभी राहिली. तेवढ्यात हाळ्या सुरू झाल्या. कितीतरी दिवसांनी ती त्या मोबाईलवर नव्हे, उघड्या हवेत ऐकत होती. नऊ नंबरची आली. चारची आली. मग सतराची.

सूर तोच. खालून वर, मग कलता. आणि लगेच दुसरी. आणि लगेच तिसरी.

रेश्मा चार पावलं चालली आणि थांबली. काहीतरी चुकलं होतं. आवाज चांगला होता, उलट जास्तच चांगला. टाकीचं पाणी थेंब थेंब गळत होतं तिकडे बघत ती उभी राहिली आणि मग तिला उमगलं. ठकुबाई पहिल्या हाळीनंतर थांबायची. बराच वेळ थांबायची. पूर्वी रेश्मा ओट्यावर असायची तेव्हा त्या वेळात तिचा चहा निवायचा. दुसरीनंतरही तशीच. ज्या बाईने आज हाळी घातली, ती कुणासाठी थांबली नव्हती.

मोबाईलवर हे तिला कळणं शक्य नव्हतं. कान नुसता आवाज ठेवतो. मधली शांतता कापून टाकतो. तिच्यात तपासायला काही नसतं आणि जागा उगाच जाते.

ती जवळजवळ पळतच सतरा नंबराकडे गेली. दारात सोनाबाई उभी होती, पदराने तोंड पुसत. रेश्माला बघून तिचा हात तसाच राहिला.

"शिस्टर, तुमी? आज तर आमचं हिरवं आसंल."

"जाऊबाई कुठंयत तुमच्या?"

सोनाबाई बाजूला झाली. आत भिंतीला गोधड्यांची चवड लावून तिच्यावर ठकुबाईला बसवलं होतं. आडवं होता येत नव्हतं तिला. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. रेश्माने अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. चार शब्दांतच तिचा दम संपत होता.

"ये बाय," ठकुबाई म्हणाली. "मला वाटलं… तुझी बदली झाली."

रेश्माने बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा बघितला. पुन्हा लावून बघितला.

"किती दिवस झाले हे?"

"पंधरा-सोळा," सोनाबाई म्हणाली. "एका सांजंला पडशानं हिचा घसाच बसला, दम पुरंना. सूज मागनं आली. आर्धी हाळी घातली आन् मटकन बसली. म्हनली, सोने, तू घाल, घराची चुकायला नको. म्या घातली. दोघींना एकाच सासूनं शिकवलेली, चिमटं काढून काढून. फरक कसा पडंल?"

"आणि मला फोन नाही केलात."

"कशाला करायचा?" सोनाबाई आता चिडली. "तो डबीतला कान समदं सांगतो, आसं तुमीच म्हनला व्हता. आमी रोज बघायचो, दिवा हिरवा. मला वाटलं, हिरवा म्हंजी एवढं काय नसंल. हिला वाटलं, शिस्टरला कळलं आसंल पन यायला येळ नसंल."

रेश्मा खाली बसली. हाळी सुचवली होती तिने. कोणत्या दारातून कोणता सूर आला एवढ्यावरून माणूस ओळखायचं मिहिरने ठरवलं, तेव्हा मान डोलावली होती तिने. एका घराच्या दोन सुनांचा एकच सूर असतो हे त्या पोराला माहीत नसणारच. तिला माहीत होतं. तिला सुचलं नव्हतं.

"आत्याबाई, आज दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "गोळीने भागायचं नाही आता. सुई लावून पाणी काढावं लागेल. मी गाडी बोलावते."

"न्हाई."

"नाही काय? चार दिवस गेले तर पाण्यात बुडाल्यासारखं होईल. घरात बसून बुडाल."

"बुडू दे." ठकुबाईने दम घेतला. "दवाखान्यातनं… डोंगर दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग तिथनं हाळी कुनाला घालू?"

"सोनाबाई घालतायत की. पंधरा दिवस घालतायत."

ठकुबाईने जावेकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, जुनी तक्रार होती.

"ही घालती," ती म्हणाली. "पन थांबत न्हाई. चुलीवर दूध ठिवल्यावानी… तीन घातल्या की आत."

"कशापाई थांबू?" सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला आणि मग एकदम खाली आला. "सात वर्सं माझ्या तोंडातनं हाळी निघाली न्हवती, आक्का. तुझ्यापाई काढली. पयली काढली की छातीत कालवतंय. थांबले तर ऐकू येईल असं वाटतंय मला, आन् मला ठावं हाय, मी सोता त्येला सरणावर ठिवलंय. मी न्हाई थांबू शकत."

ठकुबाईने हात पुढे केला. सोनाबाईने तो घेतला नाही, पण तिच्या गुडघ्यावरची गोधडी सारखी केली.

रेश्मा म्हणाली, "मी थांबले तर?"

दोघींनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही दवाखान्यात आहात तोवर रोज संध्याकाळी मी इथे येते. हाळी घालते आणि थांबते. तुम्ही थांबता तेवढी."

"तुला हाळी येती?"

"रोज ऐकते."

"घाल बघू."

रेश्मा ओट्यावर गेली. तिने तोंडाशी हात धरला आणि आवाज काढला. तो वर जाऊन फाटला. सोनाबाई पदरात हसली. "कोंबडं धरल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. "शिस्टर, गळ्यातनं न्हाई. बेंबीच्या देठातनं. पोट आत घ्या." तिने रेश्माच्या पोटावर खरंच बोटं रोवली. चौथ्या खेपेला सूर लागला. कलला मात्र नाही.

"कलंल हळूहळू," आतून ठकुबाई म्हणाली. "आता सांग, पयलीनंतर… किती थांबशील?"

"तुम्ही सांगा. दहा मोजू? वीस?"

"मोजायचं न्हाई. मोजलं की ते मोजनं झालं." ती दमली, तरी बोलत राहिली, थांबत थांबत. "हे बग. हाळी दरी वलांडून जाती. त्यो खाली वाकल्याला आसतो. उठतो. हातातली काठी… दगडाला टेकवतो. तोंड पुसतो. त्येला तंबाखूची सवय, थुकतो. मग इकडं बघून ओ देतो. ती ओ परत दरी वलांडून येती. तेवढं थांबायचं."

"तेवढं थांबेन."

"आन् आली न्हाई तर… दुसरी घालायची."

रेश्माने गाडी बोलावली. गाडीत चढवताना ठकुबाईने सोनाबाईला बजावलं की दही नासवू नको आणि शिस्टरला गोड चहा दे, फिका पिते ती, अंगात रक्त नाही. सोनाबाई म्हणाली, "जा आता, लई बोलती. दम ठिव, डाक्टरला शिव्या द्यायला लागंल."

रेश्माने दुसऱ्या दिवशी झालेली चूक लिहून वर पाठवली. स्वतःचं नाव पहिल्या ओळीत घातलं. साहेबांनी विचारलं, हिरव्या घरी रोज का जाता? ती म्हणाली, ड्युटी संपल्यावर जाते. तालुक्याहून वसाहत एसटीने पाऊण तास. ती रोज गेली.

पहिल्या संध्याकाळी तिला लाज वाटली. दारादारांत बायका उभ्या राहून बघत होत्या. तिने हाळी घातली आणि थांबली. समोर तांबडा पट्टा होता. तो वाकलेला असतो, उठतो. काठी टेकवतो. काठीपर्यंत गेली आणि तिच्या मनात यादी सुरू झाली, की उद्या एकतीस नंबरचं रक्त पाठवायचंय. ती दचकली. थांबणं मोडलं होतं. कुणाला कळलं नसतं. तिला कळलं.

चौथ्या दिवशी ती तोंड पुसण्यापर्यंत पोचली. सहाव्या दिवशी तिला वाटलं, आपण सात वर्षं या लोकांची नाडी मोजली, श्वास मोजले, गोळ्या मोजल्या, पण यांच्याबरोबर असे उभे राहिलो नव्हतो. ज्याला आपण कधी बघितलं नाही त्या माणसाची ती खरोखर वाट बघू लागली. तो बुटका असेल का उंच, तिला माहीत नव्हतं. पण तो थुंकतो आणि मग ओ देतो, हे तिला आता आपल्या घरच्या माणसासारखं माहीत होतं. ओ आली नाही. तिने दुसरी घातली.

दवाखान्यात ठकुबाई रोज विचारायची, "थांबलीस?" रेश्मा खरं सांगायची. "आज काठीपर्यंतच." ठकुबाई मान हलवायची. तिच्या अंगातून नऊ दिवसांत सात किलो पाणी उतरलं.

आणि या सगळ्या दिवसांत सतरा नंबरची टिकली हिरवीच होती. ठकुबाई तालुक्याला खाटेवर, आणि कान सांगत होता, ठकुबाई आखाडे, तब्येत उत्तम. रेश्माने मिहिरला फोन करून हे सांगितलं, आणि दोन हाळ्यांमधल्या थांबण्याचंही सांगितलं, तेव्हा त्याने सगळ्या तारखा लिहून घेतल्या.

"दोन गोष्टी करतो," तो शेवटी म्हणाला. "आधी माणूस ओळखायचं नीट बसवतो. आणि सिस्टर, ती मधली शांतता तुम्ही म्हणता तशी ठेवून बघू का? आम्ही ती फेकूनच देत होतो."

शांतता ठेवली आणि तिच्यात काय निघालं, तर श्वास. हाळी घालताना माणूस जोर लावतो, आजार झाकतो. हाळी संपल्यावर, कुणाची तरी वाट बघत उभा असताना, तो काहीच झाकत नाही. छाती कशी वरखाली होते, दम परत यायला किती लागतो, आत पाणी असेल तर श्वासाच्या टोकाला येणारी ती बारीक कुरकुर, सगळं त्या रिकाम्या जागेत होतं. मिहिर खूश झाला. सगळीकडच्या कानांत आम्ही हे घालणार, असं म्हणाला. रेश्माने विचारलं, "आणि ज्यांना कुणाची वाट बघायची नाही, त्यांचं काय करणार?" त्याला वाटलं ती गंमत करतेय.

दहाव्या दिवशी ठकुबाई घरी आली. पाय काटकीसारखे झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जोर लावायचा नाही, हाळी तर मुळीच नाही. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. सोनाबाईने चहा आणला, काळा आणि अति गोड. रेश्माने निमूट घेतला.

वेळ झाली. तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तू घाल, सोने," ठकुबाई म्हणाली. "थांबायचं मी बघते."

सोनाबाई ओट्याच्या कडेला गेली. पोट आत घेऊन तिने हाळी घातली. सूर वर गेला, कलला, सड्यावरून पुढे निघून गेला. ती वळून आत जाणार, तेवढ्यात ठकुबाईने तिच्या लुगड्याचा काठ धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला. सोनाबाई उभी राहिली. डोंगराकडे पाठ करून, डोळे मिटून, पण उभी राहिली. बऱ्याच वेळाने काठ सुटला. मग दुसरी.

एसटीत रेश्माला खिडकीजवळची जागा मिळाली. मोबाईलवर सतरा नंबरची टिकली आली, हिरवी. तिच्याखाली आता नवीन ओळ होती, श्वास समाधानकारक. तिने ती वाचली. पुढच्या मंगळवारी, टिकली कुठलीही असो, ओट्यावर जाऊन बसायचं तिने ठरवलं होतं, आणि साहेबांना तसं लेखी देऊनही टाकलं होतं. उत्तर यायचं होतं.

मग तिने नागपूरला फोन लावला.

"कशी आहेस?"

"बरी आहे," ओवी म्हणाली.

रेश्मा पुढचं विचारणार होती, जेवलीस का. जिभेवर आलं होतं. तिने ते तसंच ठेवलं. गाडी घाटाच्या उताराला लागली होती. ती थांबली. ओवी वाकलेली असेल, पुस्तकावर. उठेल. पेन ठेवेल. खिडकीशी जाईल.

"आई? फोन कट झाला का?"

"नाही. आहे मी."

पुन्हा काही नाही. पलीकडे कुठेतरी पंखा फिरत होता. त्याच्या आवाजाखाली ओवीचा श्वास होता. तो आत जाताना एकदा अडखळला, मग पुन्हा. तो रेश्माने याआधी कधीच ऐकला नव्हता. एक मिनिट होऊन गेलं. दोन झाली असतील. तिने मोजलं नाही.

"आई," ओवी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"ओ," रेश्मा म्हणाली.